साउंड कार्ड घ्यायचं, पण कशासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नवा संगणक घ्यायला आपण दुकानात जातो. प्रोसेसर ठरतो, रॅम ठरते, मॉनिटर ठरतो आणि बिल करता करता दुकानदार विचारतो, ‘साउंड कार्ड वेगळं टाकायचं का?’ ज्यांच्या घरात कुणी गाणं शिकतंय, कुणाला जुन्या कॅसेट्स संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत, ते हा प्रश्न स्वतःहूनच विचारतात. उत्तर मात्र दर दुकानात वेगळं मिळतं. एक म्हणतो, ‘काही गरज नाही, सगळं बोर्डावरच असतं.’ दुसरा म्हणतो, ‘चांगला आवाज हवा तर कार्डाशिवाय पर्याय नाही.’ गंमत अशी, की दोघांचंही थोडंथोडं खरं असतं.

मला कुणी हा प्रश्न विचारला, की मी आधी उलट प्रश्न करतो. तुम्हांला संगणकातून आवाज बाहेर काढायचा आहे, की बाहेरचा आवाज संगणकात घ्यायचा आहे? या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, की निम्मा निर्णय झालेला असतो. तो कसा, ते आज पाहू.

त्याआधी साउंड कार्ड करतं तरी काय, हे समजून घ्यायला हवं. आवाज म्हणजे हवेतली कंपनं. मायक्रोफोन त्या कंपनांचं रूपांतर विजेच्या लाटेत करतो. पण संगणकाला लाट कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. पावसाळ्यात पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्ट्यांवरून नदीची पातळी ठरावीक वेळानं मोजून वहीत लिहितात ना, तसंच इथं होतं. विजेच्या लाटेची उंची ठरावीक काळानं मोजायची आणि आकडा लिहून ठेवायचा. फरक एवढाच, की नदीची नोंद तासाला एकदा होते आणि सीडीसाठी आवाजाची नोंद एका सेकंदात ४४,१०० वेळा होते. माणसाचा निरोगी कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू शकतो आणि तो आवाज नीट टिपायचा तर त्याच्या दुपटीहून जास्त नोंदी लागतात. म्हणून हा आकडा. शिवाय प्रत्येक नोंद करताना लाटेची उंची मोजायला ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी असते. यालाच ‘१६ बिट’ म्हणतात.

गाणं ऐकताना हेच काम उलट होतं. वहीतल्या आकड्यांवरून पुन्हा विजेची लाट तयार करायची आणि ती स्पीकरकडे पाठवायची. म्हणजे साउंड कार्ड हा एक दुभाषा आहे. लाटेची भाषा आकड्यांत आणि आकड्यांची भाषा लाटेत, एवढंच त्याचं काम. आपला प्रश्न आता असा झाला : संगणकाबरोबर जो दुभाषा आपसूक मिळतो, तो आपल्या कामाला पुरेसा आहे का?

एके काळी या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं, कारण संगणकाबरोबर दुभाषा मिळतच नसे. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, त्यात आवाजासाठी होता तो एक चिमुकला स्पीकर. चूक झाली की ‘बीप’ करायचा, फार तर एका वेळी एकेक सूर काढायचा. १९८७ साली कॅनडातल्या अ‍ॅडलिब कंपनीचं कार्ड आलं. त्यावरच्या यामाहाच्या चिपमधून निदान वाद्यांसारखे सूर निघू लागले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं ‘साउंड ब्लास्टर’ आणलं आणि माणसाचा बोललेला आवाज संगणकात घेणं आणि ऐकवणं घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आलं. १९९२ च्या ‘साउंड ब्लास्टर १६’पासून ही नोंद सीडीच्या मापाची झाली. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही ‘मल्टिमीडिया किट’ नावाचा खोका मिळायचा, तो अनेकांना आठवत असेल. सीडी-रॉम ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन स्पीकर. तो घेतला की संगणक ‘बोलू’ लागायचा.

मग १९९७ साली इंटेलनं ‘एसी-९७’ नावाचं मानक ठरवलं आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसू लागली. त्या पहिल्या पिढीतल्या अनेक बोर्डांचा आवाज यथातथाच होता. गाण्याच्या मागे खरखर, माऊस हलवला की किरकिर. त्यामुळे ‘चांगलं ऐकायचं असेल तर वेगळं कार्ड घ्या’ हा त्या काळचा सल्ला अगदी योग्य होता. २००४ साली इंटेलनंच ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे पुढचं मानक आणलं आणि बोर्डावरच्या चिपा हळूहळू सुधारल्या. वेगळ्या कार्डाला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे संगणकावरचे खेळ. कोणता आवाज कोणत्या दिशेनं, किती लांबून यायला हवा, याचं गणित पूर्वी कार्डावरची चिप करायची आणि प्रोसेसरचा भार हलका व्हायचा. २००७ साली घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टात मायक्रोसॉफ्टनं हे गणित कार्डाकडे सोपवण्याचा नेहमीचा मार्गच काढून टाकला. ते काम प्रोसेसरकडे आलं आणि नव्या प्रोसेसरला त्याचं ओझं वाटेनासं झालं.

दुभाषा असा संगणकाच्या पोटात आला, सल्ला मात्र जुनाच राहिला. आजही तो कानावर येतो, म्हणून हा इतिहास सांगितला.

आता आपला पहिला भाग, संगणकातून आवाज बाहेर काढणं. गाणी ऐकणं, सिनेमा बघणं, मुलांचे ऑनलाइन वर्ग, परदेशातल्या नातवंडांशी बोलणं, हे सगळं यात आलं. यातल्या बहुतेकांना वेगळ्या कार्डाची गरज नाही. एक साधी गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही ब्लूटूथचा हेडफोन वापरत असाल, यूएसबीचा हेडसेट लावत असाल किंवा एचडीएमआय वायरनं संगणक टीव्हीला जोडून टीव्हीच्या स्पीकरवर ऐकत असाल, तर संगणकातून आकडेच बाहेर जातात. त्यांची लाट बनवणारा दुभाषा त्या हेडफोनमध्ये किंवा त्या टीव्हीमध्ये बसलेला असतो. अशा वेळी तुम्ही कितीही भारी कार्ड संगणकात बसवा, आवाज त्या कार्डातून जाणारच नाही. पैसे खर्च झाले आणि कार्ड मात्र बसून राहिलं, असा प्रकार.

साध्या पिनेचा हेडफोन किंवा स्पीकर लावत असाल, तर मात्र बोर्डावरच्या चिपचा आवाज तुमच्या कानापर्यंत येतो. तो चांगला आहे की नाही, हे तपासायला दुकानात जायला नको. रात्री घर शांत झालं की हेडफोन लावा, काहीही वाजवू नका आणि आवाज हळूहळू वाढवत न्या. मग माऊस हलवा, एखादी मोठी फाइल एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करा. कानात किरकिर ऐकू येते का, माऊसबरोबर ती बदलते का? काहीच ऐकू आलं नाही, तर प्रश्न मिटला. किरकिर ऐकू आली, तर हेडफोन पेटीच्या पुढच्या सॉकेटमधून काढून मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये लावून बघा. पुढच्या सॉकेटकडे जाणारी वायर पेटीच्या आतून, पंखे आणि इतर वायरींच्या गर्दीतून आलेली असते आणि वाटेत नको ते आवाज उचलते. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं.

दुसरी तक्रार असते ती सतत येणाऱ्या ‘हूं’ अशा घुमण्याची. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घुमणं थांबलं, तर दोष आवाजाच्या चिपचा नाही, विजेच्या जोडणीचा आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि अर्थिंगमध्ये घोळ असला की तीच आवर्तनं स्पीकरमधून ऐकू येतात. संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा, घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. काही जण प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. तसं कृपा करून करू नका. तो उपाय नाही, जिवाशी खेळ आहे.

तिसरी तपासणी सर्वांत सोपी. तोच हेडफोन, तेच गाणं, आधी संगणकावर आणि मग दुसऱ्या एखाद्या चांगल्या यंत्रावर ऐका. दोन्हीकडे सारखंच ऐकू आलं, तर कार्ड बदलून फरक पडणार नाही. पैसे असतील तर ते आधी स्पीकरवर किंवा हेडफोनवर खर्च करा. आवाजाच्या साखळीत सर्वांत जास्त फरक तिथं पडतो. अपवाद आहेत. स्टुडिओत वापरतात तसे २५०-३०० ओहमचे हेडफोन बोर्डावरच्या चिपला जड जातात, त्यांना जास्त ताकदीचं आउटपुट लागतं. किंवा घरात पाच-सहा स्पीकरची जुनी संच-व्यवस्था आहे आणि लॅपटॉपला एकच सॉकेट आहे. अशांनी वेगळं उपकरण जरूर घ्यावं. बाकीच्यांनी निश्चिंत राहावं.

आता दुसरा भाग, बाहेरचा आवाज संगणकात घेणं. श्रोतेहो, खरी गरज इथं असते आणि खरी गल्लतही इथंच होते.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे वडील कीर्तनकार. ऐंशीच्या दशकात गावोगावच्या सप्ताहांत कुणी ना कुणी टेपरेकॉर्डर लावून बसायचं, तशा वडिलांच्या कीर्तनांच्या चाळीस कॅसेट्स त्यांच्याकडे होत्या. त्या संगणकावर उतरवायच्या ठरल्या. एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं, की यासाठी आठ स्पीकरचं महागडं कार्डच लागेल. पेन्शनीतून ते जमेना, म्हणून काम पुढं ढकललं गेलं. दोन पावसाळे गेले. कॅसेट्सना मात्र आपण थांबलोय हे कळत नसतं. त्यांना बुरशी लागते. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल पडतो, कधी वितळून चिकट होतो. कॅसेटमध्ये फितीला मागून दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी असते, ती निघून पडते.

आता जरा हिशेब करू. आवाजाचा दर्जा मोजण्याचं एक माप आहे, डेसिबल. मुद्रणातला सर्वांत मोठा आवाज आणि मागची खरखर यांच्यात अंतर किती, ते या मापानं सांगतात. जितकं अंतर जास्त, तितकं मुद्रण स्वच्छ. साध्या कॅसेटमध्ये हे अंतर पन्नास-साठ डेसिबलच्या घरात असतं. सीडीच्या १६ बिटांत ते सुमारे ९६ डेसिबल बसतं. मदरबोर्डवरची साधी चिप सीडीचा आकडा प्रत्यक्षात पुरता गाठत नसेल, पण कॅसेटच्या ती बरीच पुढे असते. म्हणजे कॅसेटची स्वतःची खरखर चिपच्या खरखरीहून कितीतरी मोठी. शेराचं माप भरून घ्यायला पायलीचं भांडं आधीच घरात असताना आपण पिंप विकत घ्यायला निघालो होतो.

त्या शिक्षकांकडे जुना डेस्कटॉप होता. त्याच्या मागे तीन रंगांची सॉकेट्स होती. हिरवं आवाज बाहेर जाण्याचं, गुलाबी मायक्रोफोनचं आणि निळं ‘लाइन-इन’चं. ते निळं सॉकेट बरोबर याच कामासाठी असतं. टेपरेकॉर्डरपासून निळ्या सॉकेटपर्यंत एक वायर, एवढाच खर्च आला. खरी मेहनत टेपरेकॉर्डरवर करावी लागली. त्याचा हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, पट्टा बदलला. ज्या कॅसेट्सच्या गाद्या निघाल्या होत्या, त्यांच्या फिती स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटमध्ये भरून घेतल्या. हेड पुसल्यावर आवाज जितका उघडला, तितका कोणत्याही कार्डानं उघडला नसता. चाळीसपैकी तीन कॅसेट्स मात्र वाचल्या नाहीत. दोन पावसाळ्यांपूर्वी काढल्या असत्या, तर त्या कदाचित वाचल्या असत्या. कार्डाच्या वादाची खरी किंमत ती होती.

हे काम करू पाहणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. पहिली, तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, घाई चालत नाही. रोज एक, असा नेम ठेवा. दुसरी, ‘ऑडॅसिटी’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. मुद्रण करताना आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ देऊ नका, थोडी जागा राखा. आवाज मागाहून वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘नॉइज सप्रेशन’सारखी आवाज आपोआप सुधारणारी सोय असेल, तर ती बंद ठेवा. ती बोलण्यासाठी केलेली असते, तंबोऱ्याला ती गोंगाट समजून कापते. तिसरी, मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारात ठेवा. एमपी-३ वाटण्यासाठी करा, जपण्यासाठी नको. सीडीच्या दर्जाचं एक मिनिट सुमारे १० एमबी जागा घेतं. म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट सुमारे ६३५ एमबी आणि अशा चाळीस कॅसेट्स पंचवीस-सव्वीस जीबी. एवढं तर एका पेनड्राइव्हमध्ये मावतं. आणि चौथी, दोन प्रती करा आणि त्या दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.

लॅपटॉपवाल्यांची गोष्ट वेगळी. बहुतेक लॅपटॉपना एकच सॉकेट असतं आणि त्यात आत येणारी वाट फक्त मायक्रोफोनची असते. मायक्रोफोनचा प्रवाह अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा. टेपरेकॉर्डरचा लाइन-आउट त्याच्या कितीतरी पट जोरकस. तो तिथं जोडला की आवाज फाटतो. शिवाय ती वाट एकेरी, म्हणजे मोनो असते. तेव्हा लॅपटॉप असेल, तर यूएसबीनं जोडायचं छोटं उपकरण खरोखर घ्यावं लागतं. घेताना खोक्यावर ‘लाइन-इन’ आणि ‘स्टिरिओ’ हे दोन शब्द आहेत का, ते बघा. बोटभर लांबीची स्वस्त उपकरणं मिळतात, पण त्यांतल्या बहुतेकांतही मायक्रोफोनचं मोनो सॉकेटच असतं. त्यानं आपलं काम होत नाही.

आता घरात कुणी गातंय, तबला-पेटी वाजवतंय आणि ते चांगलं मुद्रित करायचंय, तर काय? इथं मी स्पष्ट सांगतो : वेगळं उपकरण घ्या. पण संगणकाच्या पोटात बसणारं कार्ड नव्हे, बाहेर टेबलावर राहणारा ‘यूएसबी ऑडिओ इंटरफेस’. संगणकाच्या पेटीत पंखे, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा यांचा विद्युत कोलाहल असतो. त्यापासून दुभाषा जितका दूर, तितकं मुद्रण स्वच्छ. शिवाय चांगल्या मायक्रोफोनला तीन पिनांची जाड वायर लागते, कंडेन्सर मायक्रोफोनला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याचा क्षीण आवाज न बिघडवता वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. यातलं काहीच मदरबोर्डवर नसतं. उलट, इंटरफेस घेऊन पंखा चालू असलेल्या, फरशीच्या रिकाम्या खोलीत गायलात, तर तो पंखा आणि त्या भिंतींचा घुमारा फार स्वच्छ मुद्रित होईल, एवढंच. आधी पंखा बंद करा, गादी-पडदे असलेली खोली निवडा. त्याला पैसे पडत नाहीत.

गाणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा, विलंबाचा. आपण गायलेला आवाज आकड्यांत जाऊन परत हेडफोनमध्ये यायला काही क्षण लागतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखं. ते चालतं. पण हाच उशीर शंभर मिलिसेकंद झाला, तर तबलजी चौतीस मीटरवर, म्हणजे मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला! लय सांभाळणं अशक्य. चांगला इंटरफेस आणि त्याचा स्वतःचा ड्रायव्हर हा उशीर कमी ठेवतो. मात्र पुण्यातल्या गुरूंनी न्यू जर्सीतल्या शिष्येबरोबर एकाच वेळी गायचं म्हटलं, तर तिथं कोणतंही उपकरण हात टेकतं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्या हिशेबानं सरळ रेषेतही एका बाजूचे साठ मिलिसेकंद मोडतात, आणि प्रत्यक्षातली वाट सरळ नसते. म्हणून परदेशी शिकवणीत गुरू गातात, थांबतात आणि मग शिष्या गाते. तिथं कार्ड बदलून काही होणार नाही. त्यापेक्षा बरा मायक्रोफोन घ्यावा आणि शिकवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज कापणारी सोय बंद करावी.

थोडक्यात सांगायचं, तर ऐकणाऱ्यानं आधी तपासावं आणि बहुधा काहीच घेऊ नये. कॅसेट्स उतरवणाऱ्यानं संगणकाच्या मागे निळं सॉकेट आहे का बघावं. नसेल तर स्टिरिओ लाइन-इनचं साधं यूएसबी उपकरण आणावं. गाणं मुद्रित करणाऱ्यानं बाहेरचा इंटरफेस घ्यावा आणि जमलं तर मायक्रोफोनसाठी जास्त पैसे राखून ठेवावेत. पेटीत बसवायची कार्डं आजही मिळतात, हौशी मंडळी ती आनंदानं घेतात. त्यांच्या हौसेला माझा विरोध नाही. फक्त ती हौस आहे हे माहीत असावं.

आणि एक विनंती. आपल्या घरात माळ्यावर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात अशा कॅसेट्स असतील. आजीच्या ओव्या असतील, मुंजीतल्या मंगलाष्टका असतील, कुणाच्या तरी पहिल्या बैठकीचं गाणं असेल. कोणतं कार्ड चांगलं, याचा निकाल लागेपर्यंत त्यांना थांबवू नका. येत्या रविवारी एक कॅसेट काढा, ती चालते का बघा, आणि जे उपकरण हाताशी आहे त्यावर उतरवायला घ्या.